मास्तरकीत आता काही राहिलंय का?

बारावीचा निकाल लागला की वऱ्हाडातल्या घराघरांत एक प्रश्न निघतो : पोरीला डी.एड.ला टाकायचं का? आणि बसलेल्यांपैकी कोणीतरी हटकून म्हणतं, "आता मास्तरकीत काय रायलं बाप्पा!"

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी अमरावती-अकोल्यात असं कोणी म्हटलं नसतं. डी.एड. झालं की नोकरी, नोकरी लागली की पगार, पुढे निवृत्तिवेतन, गावात मान, असा सरळ हिशोब होता. कपाशीच्या कोरडवाहू घरात एक मास्तर निघाला, की धाकट्याचं शिक्षण, बहिणीचं लग्न आणि विहिरीचं कर्ज त्याच्या पगारावर पार पडायचं. आज तोच हिशोब मांडायला बसलं तर मधेच अडकतो, आणि लोक म्हणतात, या धंद्यात राम नाही.

राम आहे. मात्र तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. एकाच वर्षी एकाच अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या दोन मैत्रिणी घ्या. दहा वर्षांनी एकीचा पगार दुसरीच्या पाच-सहापट असू शकतो. दोघींचं शिकवणं सारखंच चांगलं असतं. फरक पडतो तो पहिलं पाऊल कोणत्या शाळेत पडलं याने. म्हणून 'शिक्षक व्हावं का?' याआधी 'कोणत्या शाळेत?' हे विचारायला हवं.

१. शाळा कोणाची?

वऱ्हाडात शाळांचे मुख्यतः चार प्रकार आढळतात. खेड्यांत जिल्हा परिषदेची शाळा, शहरांत नगरपरिषदेची किंवा महापालिकेची. धारणी-चिखलदऱ्याकडे आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा. तिथं मुलं शाळेतच राहतात, त्यामुळे शिक्षकाचा दिवस घंटा वाजल्यावर संपत नाही. तिसऱ्या खाजगी संस्थांच्या अनुदानित शाळा. आणि चौथ्या विनाअनुदानित, त्यांतच २०१२च्या कायद्याने आलेल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा धरायच्या. इंग्रजी माध्यमाच्या बहुतेक शाळा याच चौथ्या प्रकारात मोडतात.

'खाजगी' म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला मोठ्या फीची शाळा आठवते. वऱ्हाडात या शब्दामागचा इतिहास वेगळा आहे. पापळ गावात १८९८ साली जन्मलेले पंजाबराव देशमुख एडिंबरोहून शिकून अमरावतीला परतले, आणि १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. शेतकऱ्यांची पोरं शिकावीत हा तिचा हेतू. पुढे या संस्थेच्या आणि तिच्यासारख्या इतर संस्थांच्या शाळा तालुक्या-तालुक्यांत निघाल्या. आज गावोगावी शेतकरी घरातली जी पोरं दहावी होतात, त्यांतली पुष्कळशी अशाच अनुदानित हायस्कुलांतून बाहेर पडतात.

अनुदानित शाळेत पगार सरकारचा आणि नेमणूक संस्थेची. ही विभागणी नीट ध्यानात घ्यावी, कारण या नोकरीतले बरेच वाद तिच्यातूनच निघतात. जागेसाठी पैसे मागितले जातात ही तक्रार जुनीच आहे. ती मिटावी म्हणून राज्याने २०१७ साली भरतीसाठी 'पवित्र' नावाची ऑनलाइन प्रणाली आणली.

खाजगी शाळेतला शिक्षक अगदीच वाऱ्यावर सोडलेला नाही. १९७७चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ची नियमावली त्याच्या पाठीशी आहे. कायम शिक्षकाला चौकशीशिवाय काढता येत नाही. काढलंच तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आणि असं न्यायाधिकरण अमरावतीतच आहे. 'संस्थाचालकांशी कशाला वाकडं घ्यायचं' म्हणून पुष्कळ जण हे ३० दिवस नुसते सोयऱ्याधायऱ्यांचा सल्ला घेण्यात घालवतात.

२. टीईटी वेगळी, टेट वेगळी

पात्रतेपासून सुरुवात करू. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका लागते. तिचं नाव आता डी.एल.एड. झालं आहे, तरी लोक डी.एड.च म्हणतात. वरच्या वर्गांसाठी पदवी आणि बी.एड. बी.एड. झालेल्यांना प्राथमिक वर्गांवरही घ्यावं अशी मुभा मध्यंतरी होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये ती रद्द ठरवली. ज्या डी.एड.ला लोक निकामी समजू लागले होते, तिला या निकालाने पुन्हा किंमत आली.

नुसत्या पदविकेवर भागत नाही. शिक्षणहक्क कायद्यानंतर २०१० साली शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३मध्ये झाली. १५० गुणांचा पेपर असतो. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. पहिल्या पेपरात बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात. त्यामुळे गणितात १२च मिळाले तर उरलेल्या चार विषयांत मिळून १२० पैकी ७८ काढावे लागतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

टीईटी पास होणं म्हणजे नोकरी लागणं असं मानून अनेक घरांत पेढे वाटले जातात. तिथून पुढे टेट असते. तिचं पूर्ण नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. टीईटी सांगते, तुम्ही रांगेत उभे राहू शकता. रांगेत कितवे, ते टेट ठरवते. दोन तासांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथं पास-नापास नाही. गुणांवर क्रम लागतो आणि त्या क्रमाने पवित्र प्रणालीतून जागा मिळते. ज्याचं वाचन मंद, त्याचं ज्ञान कितीही असो, तो मागे पडतो. म्हणून अकोल्यातल्या अभ्यासिकांत बसलेली पोरं घड्याळ समोर ठेवून सराव करतात.

खरी अडचण परीक्षेच्या अवघडपणाची नाही, तिच्या अनियमितपणाची आहे. टेट डिसेंबर २०१७मध्ये झाली, मग २०२३च्या सुरुवातीला, मग २०२५मध्ये. पहिल्या खेपेला २३ वर्षांची असलेली आणि थोडक्यात हुकलेली मुलगी दुसऱ्या संधीपर्यंत २८ वर्षांची झाली. त्याआधी २ मे २०१२पासून शिक्षकभरतीवर बंदीच होती. भर म्हणजे, डिसेंबर २०२१मध्ये टीईटीतला गैरव्यवहार उघडकीस आला आणि पुढे २०१९च्या परीक्षेतल्या जवळपास आठ हजार उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी दिवे जाळून अभ्यास केला होता, त्यांनाही नातेवाईक विचारू लागले, तुझी पास खरी ना? ही जखम लवकर भरणारी नाही.

३. अनुदानाची वाट

विनाअनुदानित शाळेचं गणित समजून घ्यायचं तर वरूड-मोर्शीच्या शेतकऱ्याकडे पाहावं. संत्र्याची कलमं लावली की पहिला बहार हाती यायला चार-पाच वर्षं जातात. तोवर पाणी, खत, राखण सगळं पदरचं. तरी त्याला विहिरीला किती पाणी आहे हे माहीत असतं. विनाअनुदानित शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाला तेवढंही माहीत नसतं.

२००१ साली सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मान्यता देण्याचं धोरण घेतलं. शाळा निघाल्या, शिक्षक लागले, आणि पगार 'अनुदान आल्यावर' या आशेवर राहिला. २००९मध्ये 'कायम' हा शब्द वगळला गेला. प्रत्यक्ष पैसे सुटायला २०१६ उजाडलं, तेही २० टक्क्यांपासून. म्हणजे २००४ साली पंचविशीत लागलेल्या माणसाच्या हाती सरकारी पगाराचा पहिला रुपया पडला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. आणि पडला किती? माध्यमिक शिक्षकाचं आजचं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये धरलं, तर त्याचे २० टक्के होतात ७,७२०.

या मधल्या बारा वर्षांत शिक्षकांनी शिकवण्या घेतल्या, शेती केली, दुकानांत हिशोब लिहिले आणि सकाळी अकराला वर्गावर हजर राहिले. पुढचा टप्पा मिळावा म्हणून जुलै २०२५मध्येही शिक्षक मुंबईच्या आझाद मैदानावर बसले होते. ज्या माणसांच्या फुकट राबण्यावर दहावीच्या परीक्षेला बसलेल्या पिढ्या उभ्या राहिल्या, त्यांची थकबाकी हा दयेचा विषय होऊ नये.

तेव्हा रुजू होण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारायला लाजू नये. पद मंजूर आहे का? शाळा अनुदानाच्या कितव्या टप्प्यावर आहे? शिक्षणाधिकारी कार्यालयाची वैयक्तिक मान्यता केव्हा मिळेल? तिसऱ्याचं उत्तर 'होऊन जाईल' असं आलं, तर ते उत्तर नाही असं समजावं. मान्यता नाही तर शालार्थ या सरकारी पगारप्रणालीतला क्रमांक नाही, आणि शालार्थ क्रमांक नाही तर सरकारी पगार नाही.

४. तीन वर्षं सेवक

मंजूर जागेवर नेमणूक झाली तरी पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार नसतो. २०००पासून राज्यात शिक्षणसेवक योजना आहे. तीन वर्षं ठरलेलं मानधन, नंतर वेतनश्रेणी. प्राथमिकच्या सेवकाला सुरुवातीला महिना ३,००० मिळत, मग बरीच वर्षं ६,०००. जानेवारी २०२३पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले.

प्राथमिकचा हिशोब करून पाहू. १६,००० गुणिले ३६ महिने म्हणजे ५ लाख ७६ हजार. हीच तीन वर्षं पूर्ण श्रेणीवर असती तर २९,२०० या नुसत्या मूळ वेतनाने साडेदहा लाख झाले असते, भत्ते वेगळेच. अकोल्याच्या मुलीची नेमणूक गडचिरोलीत झाली तर त्या १६ हजारांतच खोलीभाडं, गावाकडच्या फेऱ्या आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे. तीन वर्षं संपली की मात्र चित्र पालटतं. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडं, वर्षाला ३ टक्क्यांची वाढ. जुनं निवृत्तिवेतन तेवढं १ नोव्हेंबर २००५पासून लागलेल्यांना उरलं नाही. त्यासाठीच मार्च २०२३मध्ये राज्यभर संप झाला.

५. एकसष्टावं पोर

दरवर्षी शिक्षकांची झोप उडवणारा शब्द म्हणजे संचमान्यता. शाळेच्या पटावर किती मुलं आहेत ते मोजून किती शिक्षक ठेवायचे हे ठरतं, ती ही प्रक्रिया. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकचं माप दिलं आहे : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. राज्याचे निर्णय त्यात वेळोवेळी बारीकसारीक फेरफार करतात.

समजा बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका शाळेत ६२ मुलं आणि तीन शिक्षक आहेत. दिवाळीनंतर दोन कुटुंबं पुण्याकडे कामाला गेली, तीन मुलं कमी झाली. पट ५९. तिसरा शिक्षक कागदोपत्री 'अतिरिक्त' ठरू शकतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या शाळेत होतं. त्याच्या शिकवण्यात खोट नव्हती, तीन पोरं गावात नव्हती इतकंच. म्हणूनच उन्हाळ्यात शिक्षक दारोदार फिरून पहिलीची पोरं गोळा करतात, आणि त्याच गल्लीत इंग्रजी शाळेची पिवळी बस उभी असते. विदर्भात उन्हामुळे शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर ही ओढाताण चाललेली असते.

६. मेळघाटातला वर्ग

जिल्हा परिषदेत बदल्यांसाठी 'अवघड क्षेत्र' ठरलेलं असतं. सर्वसाधारण भागात दहा वर्षं झाली की शिक्षक बदलीला पात्र होतो. अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की त्याला बदली मागण्याचा हक्क मिळतो. अमरावती जिल्ह्यात अवघड म्हटलं की डोळ्यांसमोर मेळघाट येतो. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल, पुढे धारणी. दर्यापूरच्या सपाट काळ्या मातीतून आलेल्या तरुण शिक्षकाला पहिला पावसाळाच भारी जातो.

रस्ते आणि मोबाइलची रेंज सावकाश सुधारत आहेत. त्याहून कठीण आहे भाषा. मुलं कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली भाषा; मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. सहा वर्षांचं पोर शाळेत येतं, तेव्हा 'पाणी' हा शब्दही त्याला नवा असतो. घरी ते 'डा' म्हणतं. मराठीतली सूचना कळली नाही म्हणून गप्प बसलेल्या पोराला बाहेरून आलेला तपासनीस मठ्ठ ठरवतो. असा शेरा मारण्याआधी त्याने स्वतः कोरकूत दहापर्यंत मोजून दाखवावं.

वर्गात शिरून पाहू. दोन शिक्षक, चार इयत्ता. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. ४० मिनिटांच्या तासात एका इयत्तेच्या वाट्याला शिक्षक २० मिनिटं येतो, उरलेली २० मिनिटं पोरांनी आपसांत काम करायचं. ते काम इतकं नेमकं द्यावं लागतं, की मास्तरांचं तोंड दुसरीकडे असतानाही हात चालू राहावेत.

दुसरीला ३४ मधून १८ वजा करायचे आहेत. फळ्यावर लिहून काही उमगत नाही. अशा वेळी जाणती बाई बांबूच्या काड्या काढते : दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या. आठ काड्या दे. पोर चारच देऊ शकतं, थांबतं. बाई बोलत नाही. पोर गठ्ठ्याकडे पाहतं, पुन्हा बाईकडे पाहतं आणि स्वतःच सुतळी सोडतं. आता सुट्या झाल्या चौदा. आठ दिल्या, सहा उरल्या. एक गठ्ठा दिला, एक उरला. सोळा. या सगळ्यात मराठीची दोनच वाक्यं लागली. 'हातचा घेणे' हा शब्द नंतर आला तरी चालतो, क्रिया आधी हातात उतरली पाहिजे. पदविकेच्या दोन वर्षांत हे पुस्तकातून वाचलेलं असतं, पण गप्प बसून पोराला वेळ द्यायला शिकायला काही वर्षं जातात. शिक्षकाची खरी वाढ इथं होते, आणि ती कोणत्याही वेतनश्रेणीत नोंदली जात नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

होळीच्या, म्हणजे फगव्याच्या दिवसांत गावं पुन्हा भरतात. एरवी पावसाळा संपला की कुटुंबं कामासाठी खाली उतरतात आणि पोरंही जातात. ज्या शिक्षकाने थोडी कोरकू शिकून घेतली, त्याला कोण कुठं गेलं आणि कधी परतणार हे घरोघरी बसून कळतं. तीन वर्षांत बदली मागण्याचा हक्क असतानाही काही जण इथं थांबतात. त्यांच्यासाठी पगारात आणि बढतीत ठसठशीत काही ठेवायला हवं.

७. नोकरी सोडणारा मास्तर

या पेशात असाही एक माणूस आहे, ज्याने हातातली सरकारी नोकरी सोडली. फासेपारधी समाजातले मतीन भोसले जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. आपल्या समाजाची पोरं रेल्वे स्टेशनांवर आणि चौकांत भीक मागताना त्यांना दिसत होती. त्यांनी राजीनामा दिला आणि २०१२ साली नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा इथं पोरांसाठी निवासी शाळा सुरू केली. तिचं नाव 'प्रश्नचिन्ह'. पैसा उभा करण्यासाठी त्यांनी स्वतः लोकांपुढे झोळी पसरली. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेची काही जागा गेली, आणि पुन्हा धडपड आली.

हे उदाहरण सांगून तरुण शिक्षकांना त्यागाचे पाठ देणं अन्यायाचं ठरेल. ज्याच्या घरी कर्ज आहे त्याने नोकरी सांभाळावी. पण फासेपारध्यांच्या पहिल्या पिढीला शाळेपर्यंत आणायला एका शिक्षकाला आपला पगार सोडावा लागला, हे विसरूनही चालणार नाही.

८. चढायच्या पायऱ्या

पायऱ्या आहेत, पण मोजक्या. सहाय्यक शिक्षक, मग पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शिक्षण विस्तार अधिकारी. प्राथमिकला पूर्णवेळ मुख्याध्यापकाचं पद १५०हून जास्त पट असेल तरच, त्यामुळे लहान गावांत जबाबदारी असते, पद नसतं. बढती नाही तरी पगार अगदीच थिजू नये म्हणून १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी आहे. दोन्हींसाठी प्रशिक्षण लागतं, आणि निवड श्रेणी सगळ्यांना मिळत नाही. निवृत्ती ५८व्या वर्षी. भरतीबंदीमुळे ३५व्या वर्षी लागलेल्याला २४ वर्षं भरायलाच वाव राहत नाही.

शिक्षकांना विधान परिषदेत स्वतःचा आमदार निवडता येतो. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांचा असा मतदारसंघ आहे. २०२०मध्ये तिथून अपक्ष किरण सरनाईक निवडून आले. पण मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. मेळघाटात पहिली शिकवणाऱ्या बाईला त्यात मत नाही.

नोकरी लागून वीस वर्षं झालेल्यांपुढे आता नवंच वळण आलं आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की टीईटी न झालेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत ती पास व्हावी. पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरीत राहता येईल, बढती मात्र टीईटीशिवाय नाही. परिणामी पंचेचाळिशीतले शिक्षक पुन्हा बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडून बसले आहेत, काही घरांत मुलगा किंवा मुलगी त्याच परीक्षेची तयारी करत असताना.

या सगळ्यांत कामी येतात ते कागद. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यता, शालार्थ क्रमांकाचं पत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत, हे सगळं पहिल्या महिन्यापासून एका फाइलीत लावून घरी ठेवावं. सेवापुस्तकात दरवर्षीच्या वेतनवाढीची नोंद झाली का, ते स्वतः कार्यालयात जाऊन पाहावं. नोंद राहिली असेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्यावा आणि त्याची पोच, तारखेसह, शिक्का मारून घ्यावी.